पोकुआच्या नावाचं बांडगूळ

असुबोआ, गोआसो रस्ता
२२ ऑगस्ट १९८२

पोरी अजोआ,

तुझ्या आईच्या वर्षाच्या विधीला आलेले पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, ढोलवाले गेले. माझी कंबर तेवढी अजून जागेवर आलेली नाही. तू निघताना शेताकडे बोट दाखवून म्हणाली होतीस, "मामा, आईच्या त्या कोकोवर बांडगूळ वेगळंच दिसतंय. फुललं की एक फांदी पाठवा." घे, पाठवली. ड्रायव्हर ताचीच्या हाती दिली आहे. वर्तमानपत्रात घालून, दोन पुठ्ठ्यांत दाबून, वरून रबरी पट्टी बांधून, तू दाखवलंस तस्संच. ताची म्हणाला, "मालक, एवढं जपून तर मी बायकोलाही आणली नव्हती."

माझे गुडघे शिडी नुसती दिसली तरी रडतात, हे तुला माहीत आहे. तेव्हा शेंगा काढायची आकडीची काठी घेतली आणि खालूनच ओढली. कडकन खाली आली. फुलं लाल, काड्यापेटीतल्या काड्यांसारखी. बोट लागलं की टचकन उघडतात, म्हणून न उघडलेलीही ठेवली आहेत. बुडाशी काळ्या मुंग्यांचं मातकट घरटं आहे. काही साफसूफ करू नका म्हणाली होतीस, म्हणून त्याला हात लावलेला नाही. मुंग्यांनी मात्र मला लावला.

त्या झाडावरचं बाकीचं बांडगूळ मी अजून कापलेलं नाही. शेतकी खात्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, फुलण्याआधी कापायचं असतं, नाहीतर पाखरं बी सगळीकडे चिकटवतात. मी म्हटलं, साहेब, हे अक्राला शिकायला जाणार आहे. शेजारच्या बादूने तर साऱ्या गावात बोभाटा केला, "लोक कोंबड्या पाळतात, क्वाजो बांडगूळ पाळतो." मी विचारलं, "आणि तुझ्या घरी तुझ्या बायकोचा भाऊ कोण पाळतं रे?" तेव्हापासून तो तंबाखू मागायला येत नाही. तेवढाच फायदा.

लॉरी विटांवर उभी आहे. टायर नाहीत, आणि टायर मिळाले तर डिझेल नाही. कपाळावर 'बघू पुढे' रंगवून घेतलं होतं ते आता खरंच झालं, समोर बघत नुसती उभी असते. हमाल होतो तेव्हा पोती पाठीवर होती. आता काही नाही, तरी पाठ वाकलेलीच. साबण मिळाला तर ताचीबरोबर एक वडी पाठव.

तुझा मामा,
क्वाजो असियामा


अक्रा
१४ सप्टेंबर १९८२

क्वाजोमामांना नमस्कार,

फांदी पोचली. साबण पाठवते आहे. वडी अर्धी आहे, दुसरी अर्धी मी वापरली, रागावू नका.

पुठ्ठे उघडले तेव्हा निम्मी पानं गळून कागदात पडलेली होती. त्यात तुमची चूक नाही, या कुळाची खोडच ती. सुकलं की सांध्यासांध्याला सुटतं. उरलं ते नीट कागदावर चिकटवलं आणि भिंगाखाली धरलं. मामा, मी दोनदा उठून खिडकीपाशी गेले.

सांगते. आपल्या भागात कोकोवर मुख्यतः दोन बांडगुळं दिसतात. एक तुमचं रोजचं, गुळगुळीत, लाल काड्यांच्या फुलांचं. त्याचं शास्त्रातलं नाव टॅपिनँथस बँगवेन्सिस, कॅमेरूनमधल्या बांग्वा भागावरून पडलेलं. दुसरं जाडसर, अंगभर गंजासारखी तांबूस लव असलेलं. त्याच्या फुलांवरसुद्धा लव असते. तुमच्या फांदीला खाली गंजासारखी लव आहे आणि वर गुळगुळीत लाल फुलं. अंग एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं. असं मी कुठे पाहिलेलं नाही, आमच्या वाळवलेल्या झाडांच्या कपाटातल्या कुठल्याही कागदावर नाही.

आम्ही झाड ओळखतो ते फुलावरून. ते कुठल्या झाडावर बसलंय याची नोंद करतो, पण त्यावरून जात ठरवत नाही. एके काळी ही सगळी एकाच मोठ्या घराण्यात धरत, मग वाटण्या झाल्या, आणि त्या वाटण्यांची भांडणं अजून चालू आहेत. त्यात एखादं नवीन निघू शकतं. नवीन निघालं तर नाव ठेवायचा हक्क वर्णन करणाऱ्याचा.

मी आईचं नाव ठेवणार आहे. पोकुआ.

तुम्हाला माहीत आहे ती दरवर्षी स्वतः काठी घेऊन बांडगूळ काढायची, मान वर करून करून तिची मान तशीच राहिली होती. त्या कोकोच्या पैशांवर मी शिकले. तिला सही येत नव्हती. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, मामा. शेताच्या कागदावरही तुमचं आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. जसं आहे तसं सांगते.

इथे आता मी एकटीच. आमचे प्रमुख नायजेरियात शिकवायला गेले, मग त्यांचे मदतनीस गेले, मग शिपाईही गेला. डांबरगोळ्या संपल्या आहेत. किडे तेवढे वेळेवर कामावर येतात. या खोलीत मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी ठेवलेली नावं झटकते आहे. एक तरी माझ्या हातून जावं.

तुमच्याकडे या बांडगुळाला वेगळं नाव आहे का? कागदावर 'स्थानिक नाव' म्हणून जागा असते, ती कोरी राहिली आहे. बाकीचं कापू नका. आणि खात्री होईपर्यंत कुणाला सांगू नका.

तुमची,
अजोआ


असुबोआ
३० ऑक्टोबर १९८२

अजोआ,

तुझं पत्र मी लॉरीत बसून वाचलं. हल्ली तीच माझी बैठक. वाचून झालं आणि समोरच्या काचेतून बघत बसलो. रस्ता काही हलला नाही, पण बराच लांब गेल्यासारखं वाटलं.

आधी नावाचं. वेगळं नाव नाही. आम्ही सगळ्याला न्क्रंपान म्हणतो. कोकोवरचं कोकोचं न्क्रंपान, कोलाच्या झाडावरचं कोलाचं. चोराला कोण वेगवेगळी नावं ठेवत बसतो? ती जागा कोरीच ठेव.

पण तू लिहिलंस ते मला पटकन कळलं. बादूला कळलं नाही. त्याला म्हटलं, अरे, तू बापाच्या घरात वाढलास, बापाच्या ताटात जेवलास, म्हणून बापाच्या कुळाचा झालास का? नाही ना? आईच्याच कुळाचा. कोण कोणाच्या घरी जेवतं त्यावर कूळ ठरत नाही. बांडगुळाचंही तसंच, कुठल्या झाडाचं खातं ते विचारायचं नाही, फुलाला विचारायचं. बादू म्हणाला, "मग माझ्या मेव्हण्याला कुठलं फूल येतं ते बघून सांग."

आता तू रागावशील. 'कुणाला सांगू नका' लिहिलंस, आणि मी नाही सांगितलं. फक्त दुफीआजीला सांगितलं. ती आपल्या कुळातली सगळ्यांत थोरली बाई, तिला न सांगता नाव कसं ठेवणार? आता दुफीआजीला दात नाहीत, त्यामुळे तोंडात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत नळावर गेलं. दुसऱ्या दिवशी म्हातारे माझ्या अंगणात. म्हणाले, "पोकुआचं नाव झाडाला देणार म्हणे, आणि आपल्याला न विचारता? अक्रात परस्पर?"

तर आम्ही रीतीने केलं. सकाळीच, ऊन चढायच्या आत, त्या कोकोखाली. गोऱ्यांच्या दुकानातली बाटली कुठून आणणार, गावठी घेतली. पूर्वजांना ओतली. मग बारशाला बाळाच्या जिभेवर ठेवतात तसं, खरं बोलायला शिकावं म्हणून, पानावर एक थेंब पाण्याचा, एक दारूचा, तीन तीन वेळा. "पाणी असेल तर पाणी म्हण. दारू असेल तर दारू म्हण." दुफीआजीने स्वतः म्हटलं. मग "पोकुआ, आलीस, राहा." सगळे हो म्हणाले. बादूही हो म्हणाला, कारण उरलेली बाटली फिरत होती.

शेताच्या कागदाचं तू लिहिलंस. तुझ्या आईने ते झाड न झाड लावलं, हे मला कुणी सांगायला नको. तेव्हा लॉरीच्या कागदांवर माझी सही चालायची म्हणून शेताचीही माझीच झाली, एवढंच. म्हणून मी अंगणातल्या म्हाताऱ्यांना थांबवलं नाही.

बाकी कोरडं आहे. पाऊस लवकर आटोपला.

क्वाजो


अक्रा
१२ डिसेंबर १९८२

मामा,

उशीर झाला. रॉकेल नव्हतं, आणि खरं म्हणजे लिहायला हात उचलत नव्हता. तुम्ही केलंत ते प्रेमाने केलंत. दुफीआजीला माझा नमस्कार सांगा.

एक विचारायचं आहे. त्या फांदीच्या बुडाशी मुंग्यांचं घरटं होतं ते मी आता पाण्यात भिजवून काढलं. म्हणून विचारते. त्या झाडावर ते बांडगूळ अजून आहे ना? नीट बघून सांगा. ती लाल फुलांची फांदी कोकोच्या सालीतून निघालेली आहे, की दुसऱ्या बांडगुळाच्या फांदीतून?

सहज विचारते आहे. घाई नाही.

इथे ठीक आहे. पावाच्या रांगेत उभं राहायला आता पगारी माणसं मिळतात. मी स्वतःच उभी राहते.

अजोआ


असुबोआ
९ जानेवारी १९८३

अजोआ,

ताचीला दुसऱ्याच्या लॉरीच्या टपावर बसून यावं लागलं, पण तुझं पत्र खिशात सुखरूप होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कोकोच्या सालीतून. मी स्वतः शिडी लावून वर चढलो आणि बघितलं. अगदी बोट फिरवून बघितलं. साल इथे अशी फुगलेली आहे, आणि त्या फुगीतून सरळ बाहेर आलंय, लव आणि फुलं सगळं एकाच अंगातलं. बादू खाली शिडी धरून होता, तोही सांगेल. उन्हं चांगली होती, चष्मा लावला होता. काही शंका नको. तू खुशाल लिही.

बादू विचारत होता, छापून आलं की एक प्रत गावात टांगता येईल का. म्हटलं, का नाही? दुफीआजीला वाचता येत नाही, तरी तिला ती डोळ्यांजवळ धरून बघायची आहे.

कोरडा वारा आलाय उत्तरेकडून. ओठ फुटले, लाकडी दारं आकसली, भिंतीतून उजेड दिसतो. शेतातली पानं चालताना पापडासारखी मोडतात. उंदीर बाहेर काढायला पोरं गवताला काडी लावतात, त्यांच्यावर ओरडून माझा घसा बसला. कुणी ऐकत नाही, भूक आहे. आम्हीही आळूची पानं आणि कच्ची पपई यांवर आलोय. फुफूसाठी उकडलेला कंद कुटायचा आवाज गावात ऐकू आला की सगळे मान वळवतात.

लवकर लिही.

मामा


असुबोआ
६ फेब्रुवारी १९८३

अजोआ,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

शेत गेलं. आग पलीकडच्या टेकडीवरून आली. कुणी लावली ते प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव घेऊन सांगतो. आम्ही केळीची खोडं घेऊन झोडपलं, पाणी तर प्यायलाच नव्हतं. वाऱ्यापुढे काय चालतं? कोकोची पडलेली पानं खालून पेटली, आणि झाडं उभ्या उभ्या शिजली. तुझ्या आईची सगळी. ते झाडही. बादूचं ओढ्याकाठचं तेवढं वाचलं. तो मला तोंड दाखवत नाही, जसं काही त्यानेच केलं. काल त्याच्या बायकोबरोबर आळू पाठवला.

माणसं सगळी ठीक आहेत. दुफीआजीला कोरड्या ओढ्यात नेऊन बसवली होती, ती तिथून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

मी त्या झाडापाशी जाऊन आलो. कोळसा आहे. बांडगूळ आधीच जळून पडलेलं, ते मेल्या झाडावर तसंही राहत नाही. आणि उभं असताना मला एक गोष्ट सुचली ती सांगतो. आता तो प्रश्न मिटला. कोळशाला कुणी शिडी लावत नाही. तुझ्याकडे कागदावर आहे तेवढंच जगात उरलं. कोण येऊन काय म्हणणार? तू लिहून टाक. शेत गेलं, निदान नाव राहील.

मी दमलोय, अजोआ. रडायलाही पाणी लागतं.

क्वाजो


अक्रा
३ मार्च १९८३

प्रिय मामा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. शिडीचं आणि आगीचं.

शेताबद्दल काय लिहू? मी त्या झाडांची नावं ठेवली होती लहानपणी, तुम्हाला आठवतं का, एक 'मास्तर' होतं, वाकडं. आई म्हणायची, मास्तरला आधी पाणी घाल. तुम्ही सगळे जिवंत आहात, एवढ्यावर मी दोन दिवस काढले.

आता शिडीचं. मामा, तुमच्या गुडघ्यांना मी जन्मापासून ओळखते. विधीच्या दिवशी तुम्हाला ओट्याच्या पायरीवर मीच हात दिला होता. आणि बादूने तुमच्यासाठी शिडी धरली असती तर ती गावातली पहिली शिडी असती जी त्याने कुणासाठी धरली. तुम्ही इतकं बारीक वर्णन केलंत, चष्मा, उन्हं, बोट, की मला लगेच कळलं. तुम्ही खरं बोलता तेव्हा दोन शब्दांत बोलता.

पण शिडीची गरजच नव्हती. घरटं काढलं तेव्हाच मी पाहिलं होतं. लव असलेल्या फांदीला एक गाठ आहे, आणि त्या गाठीतून दुसरी, गुळगुळीत फांदी निघालेली आहे. दोन्ही लाकडं वेगळी आहेत. उभा छेद घेतला, एक दुसऱ्यात घुसलेलं स्पष्ट दिसतं. पाखराने चिकट बी कोकोवर पुसायच्या ऐवजी तिथे आधीच बसलेल्या बांडगुळावर पुसलं. बांडगुळावर बांडगूळ. दोन्ही जुनी, दोन्हींना नावं आहेत. खालच्याची पानं आणि वरच्याची फुलं उरली, मधली गाठ मुंग्यांनी झाकली, आणि मी त्यांना एक केलं. ही चूक माझ्या आधी मोठमोठ्या लोकांनी केलेली आहे, तुटक्या फांद्या एकत्र चिकटवून. पण मला हे शिकवलेलं होतं.

डिसेंबरात मला कळलं होतं, आणि मी तुम्हाला उलट प्रश्न विचारला. तुम्ही तरी खोटं सांगावं, अशी थोडी आशा होती. तुम्ही ती पुरी केलीत.

आणि मग तुमचं दुसरं पत्र. हो, कुणी येणार नाही. मी तो कागद समोर ठेवून दिवसभर बसले. आमच्या खोलीत कुणी येतंच नाही. नव्या जातीसाठी लागतात तशा लॅटिनमध्ये दहा ओळी लिहायच्या, आणि आई कायमची छापली जाईल. गाठ बोटाने मोडता आली असती, सुकलेलं लाकूड, आवाजही झाला नसता.

मामा, त्या सकाळी कोकोखाली दुफीआजीने काय म्हटलं ते तुम्हीच मला लिहिलंत. पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण. माझ्याही जिभेवर जन्मानंतर आठव्या दिवशी कुणीतरी ते ठेवलं होतं. दारूच्या थेंबाला मी तोंड वेडंवाकडं केलं आणि आई हसली, हे तुम्हीच दर सणाला सांगता. आईच्या नावावरच मी पाण्याला दारू म्हणू का?

कागदावर खरं लिहून टाकलं आहे. दोन जाती, एकीवर दुसरी. नवीन काही नाही.

गावात तुम्ही काय सांगाल, ते मला सुचत नाही. तुमची मान मी खाली घालायला लावली. माझ्यावर ढकला. अक्रातली शिकलेली पोरगी चुकली म्हणा, लोकांना ते आवडतं.

अजोआ


असुबोआ
१९ जून १९८३

अजोआ,

मार्चचं पत्र मार्चमध्येच मिळालं. उत्तर द्यायला जून लागला, कारण काय लिहायचं ते गाव ठरवत होतं, मी नाही.

शिडीबद्दल मी काही बोलणार नाही. बादू म्हणतो, धरली असती.

तुझं पत्र मी दुफीआजीला वाचून दाखवलं. सगळं. तिने आधी हिरड्या चावल्या. मग म्हणाली, "म्हणजे दोघी होत्या, एकीच्या पाठीवर एक. मग आम्ही नाव ठेवलं ते कुणाला?" मी म्हटलं, आजी, शास्त्राप्रमाणे कुणालाच नाही. तर म्हणते, "शास्त्र त्या सकाळी उठलं होतं का? मी उठले होते."

मी विषय तिथे सोडला. मला वाटलं, भुकेच्या दिवसांत लोक विसरतील. मुकाट्याने विसरू दिलं तर कुणाचीच मान खाली जात नाही.

पाऊस आला. उशिराने, पण आला. जळक्या शेतात आळू आपोआप उगवला, आणि बुंध्यांतून दोन-चार कोकोंना कोंब फुटलेत. मास्तरलाही. वाकडाच फुटलाय. मी तिथे मका टाकला आहे. नवी कोकोची रोपं लावली तर फळ यायला मी असेन की नाही ठाऊक नाही, तरी लावतो आहे. कागद तुझ्या नावाने करायला सांगितला आहे. कारकुनाने विचारलं, भाचीच्या? भाचा नाही का? मी म्हटलं, भाचा असता तर मागितला असता, हिने मागितला नाही.

आता ऐक. गेल्या आठवड्यात मी विटांवरच्या लॉरीत बसलो होतो. बादूच्या शेतावर बांडगूळ आलंय, आग लागली नाही म्हणून पाखरं सगळी तिकडेच गेली. त्याची बायको रस्त्याने काठी घेऊन चालली होती. कुणीतरी विचारलं, कुठे? तर म्हणाली, "पोकुआ काढायला." सहज. जसं पाणी आणायला म्हणावं. मी काच खाली केली. मागून बादूचा तो मेव्हणा, म्हणजे तिचा भाऊ, ओरडत आला, "अगं, आंब्यावर पण पोकुआ आहे, तिथलं आधी काढ." तिने म्हटलं, "तूच काढ की, बसून खातोस ते." मग संध्याकाळभर मी कान लावून ऐकलं. लाल फुलाचं असेल तर पोकुआ, लवेचं असेल तर अजून न्क्रंपानच. चक्क वेगळं करतात. त्या सकाळपासून असंच चाललंय म्हणे, माझ्यासमोर बोलत नव्हते एवढंच.

म्हणजे बघ. तुझ्या आईने जन्मभर जे काठीने ओढून काढलं, त्यालाच तिचं नाव चिकटलं, आणि आता अख्खं गाव तिच्या नावाने मान वर करून कोयती चालवतं. बादू म्हणाला, "बरोबरच आहे. कितीही काढा, दुसऱ्या वर्षी हजर. पोकुआच ती." मला आधी राग आला. मग इतका हसलो की लॉरी हलली.

तिला कळलं असतं तर तिने आधी बादूला धरला असता, मग हसली असती.

मामा


अक्रा
२४ जुलै १९८३

मामा,

तुमचं पत्र वाचलं, आणि आधी काहीच केलं नाही. तुमची ती शिडी मी विसरलेले नाही.

नियम असा आहे की स्थानिक नाव म्हणून तेच लिहायचं जे लोक खरोखर वापरतात. शास्त्रज्ञाने सुचवलेलं नाही, मामाने ठेवलेलं नाही. म्हणून ताची परवा आला तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. पाणी दिलं, गावाकडचं विचारलं, पीक कसं आहे विचारलं. तो कंटाळून म्हणाला, "पीक कसलं, ताई, जे वाचलंय त्यावर सगळी पोकुआ बसलीय. रोज काढतोय." मी विचारलं, पोकुआ म्हणजे? त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाला, "तुम्ही एवढं शिकलात आणि बांडगूळ माहीत नाही?"

तो गेल्यावर मी दार लावलं आणि कागद काढला. शाईही पाणी घालून वाढवलेली आहे, पण दिसते. नक्कल पाठवते आहे. दुफीआजीला डोळ्यांजवळ धरून बघू द्या. शेताच्या कागदाबद्दल समोरासमोर बोलू. मी ऑगस्टमध्ये येते, काठी ठेवा माझ्यासाठी.

अजोआ

*ठिकाण: असुबोआ, गोआसो रस्ता. पोकुआ यांनी लावलेल्या कोकोच्या शेतात. शेत नंतर जळाले.*
*वरची फांदी: टॅपिनँथस बँगवेन्सिस. फुले लाल, गुळगुळीत.*
*आधार: कोकोवर वाढलेले दुसरे, लवदार बांडगूळ. गाठ पाहावी, मोडू नये.*
*गोळा करणारे: क्वाजो असियामा. जमिनीवरून, काठीने.*
*स्थानिक नाव: पोकुआ.*